खडखड कुणाला, धडधड कुणाला

दिवाळी अंकासाठी लिहिलेली माझी कथा वहिनींनी वाचायला घेतली. त्यांनी लाल पेनाने जे शब्द खोडले ते जवळजवळ सगळे एकाच जातीचे होते : खडखडाट, किलबिलाट, सळसळ, टपटप, ट्रिंग ट्रिंग. वहिनी मुलुंडच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झाल्या आहेत. मी अंधेरीत ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत काम करतो. मालिका-सिनेमांतल्या माणसांच्या पावलांना, दारांना, भांड्यांना आवाज देणं हा माझा धंदा. आवाजाच्या शब्दांची बाजू भाषेच्या शिक्षिकेने घ्यावी आणि तंत्रज्ञाने ते अनावश्यक ठरवावेत, अशी कुणाचीही अपेक्षा असेल. आमच्यात नेमकं उलट झालं. त्या दुपारचं बोलणं इथे देतो आहे, कारण मराठीत कथा-कविता लिहिणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधीतरी सोडवावा लागतो.

वहिनी : भाऊजी, आधी मला काय खटकलं ते सांगते. पानांची सळसळ, पाण्याचा खळखळाट, पक्ष्यांचा किलबिलाट, नाण्यांचा छनछनाट. ही यादी मी वर्षानुवर्षं मुलांकडून पाठ करून घेतली आहे. परीक्षेत 'योग्य जोड्या लावा' म्हणून येते, हमखास गुण मिळतात. पण जोडी एकदा पाठ झाली की मूल झाडाकडे कान देत नाही. पिंपळाचं पान वेगळं वाजतं, नारळाची झावळी वेगळी, वाळलेला बांबू वेगळा. तुमच्या कथेत तिन्ही सळसळतात. ते वाक्य तुम्ही ऐकून लिहिलेलं नाही, आठवून लिहिलंय.

मी : यादीवर माझाही राग आहे. पण तुम्ही आत्ताच 'खटकलं' म्हणालात.

वहिनी : तो शब्द आता आवाजाचा राहिलेला नाही.

मी : माझ्या मते राहिला आहे, म्हणून तर अजून काम करतो. नीट चाललेल्या यंत्रात मधेच एक 'खट्' होतो आणि लक्ष तिथे जातं. वाचताना तुमचं तेच झालं. दोन माणसांत खटका उडतो तोही त्याच घराण्यातला. वर्तमानपत्रं काढून बघा. भाज्यांचे भाव वाढले की 'कडाडतात', पडले की 'गडगडतात'. विजेचं कडाडणं चढत्या भावाला दिलं. उतारावरून दगड जसा येतो तसं गडगडणं उतरत्या भावाला दिलं. बाजारभावाच्या मथळ्यात हे शब्द असताना कुणाला ते काव्यमय वाटत नाहीत. मराठी माणूस आवाजाच्या धातूंनी विचार करतो, वहिनी. तुम्ही खोडायला निघाला आहात ती सजावट नाही, वासा आहे.

वहिनी : मथळ्याचं मथळ्याला. कथेतलं बोलू. तुमच्या नायिकेचा फोन 'ट्रिंग ट्रिंग' वाजतो. ती आजच्या घाटकोपरची मुलगी आहे ना? तिच्या पिशवीतला कुठला फोन असा वाजतो? लहान मुलांना आपण अजून झुकझुक गाडी शिकवतो. कुलाब्याहून बोरिवलीपर्यंतची उपनगरी गाडी विजेवर धावू लागली ५ जानेवारी १९२८ला. बोरिवलीच्या मुलाच्या आजोबांनीसुद्धा लोकल झुकझुक करताना ऐकलेली नसेल. वस्तू गेली, आवाज गेला, शब्द मात्र लेखकाच्या हातात तयार. हीच तर माझी तक्रार आहे. हे शब्द इतके सहज हाताशी येतात की लेखक खिडकी उघडून बघतच नाही.

मी : ट्रिंग ट्रिंग काढतो, त्यावर वाद नाही. झुकझुकचं वेगळं आहे. ते आता त्या खेळाचं आणि त्या गाडीचं नाव झालं आहे, मुलाच्या तोंडी ते शोभतं. मोठ्यांच्या कथेत मी ते घालणार नाही. पण लोकलचंच उदाहरण पुढे नेऊ. पूर्वी रुळांचे तुकडे पट्ट्यांनी जोडलेले असत. प्रत्येक सांध्यावर चाक आपटायचं आणि डब्यात एक ठेका धरला जायचा. आता रूळ वेल्डिंग करून लांबच लांब सलग केले आहेत, त्यामुळे तो ठेका बराचसा गेला. खडखड उरली ती मुख्यतः गाडी मार्ग बदलते तिथे. म्हणजे मुलुंड ते घाटकोपर अख्ख्या प्रवासभर 'खडखडाट' लिहिला तर तो खोटा, आणि रूळ बदलताना लिहिला तर खरा. मी तिथेच लिहिलाय.

वहिनी : हे कथेत कुठे सांगितलंय?

मी : सांगायचं नसतं, योग्य जागी ठेवायचं असतं. आणखी एक. हा शब्द ऐकणाऱ्याची जागा सांगतो. डब्यात बसलेल्याला गाडी खडखडते. फलाटाच्या कडेला उभं असणाऱ्याच्या समोरून न थांबणारी फास्ट धडधडत जाते, तिचा हादरा छातीत येतो. रुळांपासून चार गल्ल्या आत रात्री जागं असलेल्या माणसाला तीच गाडी घरघरते. गाडी एक, रूळ तेच. धातू बदलला की माणूस कुठे आहे, जवळ की लांब, आत की बाहेर, हे एका शब्दात कळतं. नाहीतर त्यासाठी मला अख्खं वाक्य खर्चावं लागेल.

वहिनी : मग खर्चा. वाक्य खर्चायला लेखकाने का भ्यावं? तुमच्याच कथेत 'विमान घरघरत गेलं' असं आहे. घाटकोपर विमानतळाच्या वाटेवर आहे, विमानं घरांच्या डोक्यावरून उतरतात. तिथली माणसं काय करतात ते तुम्हीही पाहिलं असेल. बोलता बोलता वाक्याच्या मध्यावर थांबतात, विमान जाऊ देतात, आणि जिथे सोडलं होतं तिथूनच पुढचा शब्द बोलतात. कुणी वर बघतही नाही. ते लिहा. त्या थांबण्यात विमान जितकं मोठं ऐकू येतं तितकं तुमच्या 'घरघर'मध्ये येत नाही.

हे त्यांचं सगळ्यात भक्कम म्हणणं होतं आणि मी ते तिथल्या तिथे मान्य केलं. आवाजाने माणसाचं काय केलं हे दाखवणं नुसत्या आवाजापेक्षा पुष्कळदा वरचढ ठरतं. सिनेमातही स्फोटापेक्षा स्फोटानंतरचे चेहरे लक्षात राहतात. पण त्यावरून आवाजाचे शब्दच टाकून द्यावेत असा निष्कर्ष निघतो, हे मला पटलं नाही, आणि बोलणं दुसरीकडे वळलं.

वहिनी : तुम्ही 'नेमकं, नेमकं' म्हणता, पण हे शब्द नेमके असतात कुठे? कोंबडा सगळीकडे सारखाच आरवतो. मराठी माणसाला कुकूचकू ऐकू येतं, फ्रेंचाला कोकोरिको, जपान्याला कोकेकोक्को. भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरची व्याख्यानं १९१६ला छापली गेली, त्यांत त्याने हेच म्हटलं आहे की असे शब्द भाषेच्या कडेला असतात आणि तेही अर्धेअधिक संकेतानेच चालतात. म्हणजे नक्कल म्हणूनही ते कच्चे.

मी : नक्कल म्हणून कच्चे आहेत, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आमच्या धंद्यात खरा आवाज पुष्कळदा कुचकामी ठरतो. खरा पाऊस माइकवर घेतला तर ऐकताना स्टेशन न लागलेल्या रेडिओसारखा वाटतो. मेघगर्जनेसाठी नाटकवाले पत्रा हलवत आले. घोड्याच्या टापांना नारळाच्या करवंट्या, आगीला चुरगाळलेला कागद. १९२०च्या दशकाच्या शेवटी बोलपट आले, तेव्हापासून हॉलिवूडमध्ये जॅक फोली हेच करत होता आणि आमच्या कामाला त्याचंच नाव पडलं. ऐकणाऱ्याला प्रत नको असते. त्याला वजन, ओल, वेग, अंतर हवं असतं. मराठीचे शब्द तेच देतात, आणि त्यांना व्याकरण आहे. यादीने ते व्याकरण शिकवलं नाही, म्हणून ते गेलं.

वहिनी : व्याकरण? शाळेत अभ्यस्त शब्दांचे तीन प्रकार शिकवतो : पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त, अनुकरणवाचक. इतकंच.

मी : ती वर्गवारी झाली. चालवून बघा. 'टप' घ्या. थेंब टपकन पडला : एकदाच, अचानक. थेंब टपटप पडताहेत : सारख्या अंतराने, फार घाई नाही. टपाटप पडले : पुष्कळ, एकावर एक. पाणी टपकतंय : कुठेतरी गळती आहे, घरमालकाला सांगायला हवं. आणि थेंबासारखं भरलेलं, गोल ते टपोरं, मग डोळे असोत की मोगरा. मधे नुसता 'आ' आला की वेग वाढतो : धडधड आणि धडाधड, खटखट आणि खटाखट, पटपट आणि पटापट. 'कन' लागला की एकच क्षण : टुणकन, मटकन, सर्रकन. गावाकडे त्याच जागी 'दिशी' येतं, धाडदिशी, खाडदिशी. 'आट' लागला की पसारा : कडकडाट, लखलखाट. हे कुणी शिकवलं नाही तरी तीन वर्षांचं मूल बरोबर वापरतं. आणि लेखक काय करतो? या सगळ्यातून एकच 'आट'वालं नाम उचलतो. ढगांचा गडगडाट, टाळ्यांचा कडकडाट. क्रियापद, क्रियाविशेषण, विशेषण ही घरं रिकामीच राहतात. माझ्या कथेत जिथे 'आट' आहे तिथे खुशाल लाल रेघ मारा. 'कन'ला हात लावू नका.

वहिनी उठल्या आणि कपाटातून 'महाराष्ट्र शब्दकोशा'चा एक खंड घेऊन आल्या. दाते-कर्व्यांनी १९३२ ते १९३८ या काळात काढलेल्या खंडांतला. पानापानावर शब्दापुढे चौकटी कंसात 'ध्व.' अशी खूण आहे, म्हणजे ध्वनीवरून आलेला शब्द. 'ख' उघडा की 'घ', ओळीने त्या खुणा दिसतात. त्यांच्या आधी मोल्सवर्थने १८३१च्या आणि वाढवून काढलेल्या १८५७च्या कोशात हे शब्द आदराने घेतले होते. गोऱ्या अधिकाऱ्याच्या कोशात खळखळ-खुळखुळ यांना जागा मिळाली आणि आपल्याकडे मात्र ते शब्द बालगीतांपुरते उरले, याचं मला वाईट वाटतं.

वहिनी : 'ध्व.' लिहिलंय खरं, पण यातल्या कितीतरी शब्दांत ध्वनीच नाही. हे बघा, टळटळीत. ऊन कधी वाजतं का?

मी : तेच सांगतोय! टळटळीत ऊन, रखरखीत माळ, मिणमिणता दिवा, लुसलुशीत पोळी, गुळगुळीत फरशी. तुम्हाला गुडघ्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो होतो तेव्हा तुम्ही काय सांगितलंत? रात्री ठणकतो, जिना चढताना कचकन लागतो, पावलाला झिणझिण्या येतात. त्यांनी एकही प्रश्न न विचारता मान हलवली. चुरचुरणं, चरचरणं, हुळहुळणं, भणभणणं. एवढ्या वेदना, आणि प्रत्येकीची लय निराळी. मरे एमेनो नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने १९६९ साली दाखवून दिलं की अशा शब्दांची घडण आर्यकुळातल्या आणि द्राविडकुळातल्या भाषांत सारखी आहे. शेजाराने राहून या देशाने ती मिळून घडवली. म्हणजे कानडी, तेलुगू, मराठी माणसांचं अंग दुखण्याची तऱ्हा एक.

वहिनी : (थोडा वेळ गप्प राहून) दुखण्याचे शब्द मी खोडणार नाही. ते अंगातून येतात, पुस्तकातून नाही. पण माझी एक मोठी हरकत अजून बाकी आहे. पान चार. तुमची शेजारीण 'फिदीफिदी हसली'. ती अजून एक वाक्य बोललेली नाही आणि तुम्ही तिच्यावर निकाल देऊन मोकळे. खुदकन हसली असती तर वाचकाने तिच्यावर माया केली असती. खदखदा हसली असती तर मोकळी वाटली असती. फिदीफिदी म्हटल्यावर ती उथळ ठरली, आणि हे तुम्ही एका शब्दाच्या आडून केलंत. रडण्याचंही तसंच. मुळूमुळू रडणाऱ्याबद्दल वाचकाला कधी आदर वाटेल का? ढसाढसा रडणाऱ्याचं दुःख मोठं, मुसमुसणाऱ्याचं लहान, असं आधीच ठरून जातं. तुम्ही म्हणता शब्द ऐकणाऱ्याची जागा सांगतो. हो, आणि ती जागा पुष्कळदा न्यायाधीशाची असते.

याचं उत्तर मला लगेच देता आलं नाही. लिहिणाऱ्यांनी इथे थांबावं असं मला वाटतं. हा आक्षेप शिळेपणाचा नाही, सत्तेचा आहे. हे शब्द नकळत पक्ष घेतात, आणि नकळत घेतात म्हणून वाचक विरोधही करत नाही.

मी : मग निकाल पात्राच्या तोंडी द्यावा. 'फिदीफिदी हसते मेली' असं तिची जाऊ म्हणू दे. निवेदकाने फक्त 'हसली' म्हणावं.

वहिनी : हे मान्य. ती दुरुस्ती मी लिहून ठेवते. आता माझं एक ऐका. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात उन्हाळ्यात गेलो होतो तेव्हा तुम्ही ध्वनिमुद्रणाला म्हणून यंत्र घेऊन बसला होतात. एक हिरवा, लाल कपाळाचा पक्षी सारखा टुक टुक करत होता. त्याचं मराठी नाव काय?

मी : तांबट.

वहिनी : तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा आवाज म्हणून तांबट. नावात टुक नाही, टक नाही, आणि तरी सगळं ऐकू येतं. धातूवरचा ठोका, दुपार, न थकणारा कारागीर. टिटवीच्या नावात तिचं ओरडणं आहे, बस्स, तेवढंच. कुठलं नाव मोठ्या लेखकाने ठेवलंय?

मी : तांबट. पण ते ऐकू यायला आळीत तांबट असावा लागतो. तुमच्या शाळेतल्या मुलीने भांड्याला ठोके पडताना कधी ऐकलेत? तिला त्या नावात फक्त नाव दिसतं. तिच्यासाठी आधी 'टुक टुक' लिहायला हवं, मग तांबट उलगडेल. पावशाचं तर आणखी पुढचं आहे. त्याच्या ओरडण्यात शेतकऱ्याला 'पेरते व्हा' ऐकू आलं, कारण त्याच्या डोक्यात पेरणी होती. त्याच पक्ष्याच्या त्याच ओरडण्यात इंग्रजाला 'ब्रेनफीव्हर' ऐकू आलं, कारण तो उकाड्याने हैराण होता. कान गरजेने ऐकतो. मग बोरिवलीत सोळाव्या मजल्यावर राहणाऱ्याला पावशा काय म्हणतो? ते अजून कुणी लिहिलेलं नाही.

वहिनी : म्हणजे नवे शब्द घडवायला हवेत, असं म्हणता?

मी : घडवणाऱ्यांनी घडवलेत. मुली खेळताना 'जा पोरी जा' भरभर म्हणतात, त्यातून केशवसुतांनी १८९३मध्ये 'झपूर्झा' घेतला आणि भान हरपण्याच्या अवस्थेला नाव दिलं. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचा 'ट्टॉक' घ्या. शब्दाच्या सुरुवातीलाच जोड-ट. मराठी शब्द असा सुरू होत नाही, कुठल्याच यादीत तो नव्हता. पण ज्या मुलाने तो वाचला त्याने टाळूला जीभ लावून तो करून बघितलाच. वाचकाच्या तोंडात हालचाल घडवून आणणारं अक्षर, यापेक्षा लेखनाकडून काय हवं?

वहिनी : ट्टॉक मला कबूल आहे, कारण तो एकाच मुलाचा आहे. दुसऱ्या कुणाच्या तोंडी तो घातला तर चोरी होईल. माझी कसोटी तीच आहे, भाऊजी. जो आवाज कुठल्याही कथेत जसाच्या तसा उचलून ठेवता येतो, तो या कथेत नको.

मी : आणि माझी कसोटी अशी की शब्द कुठे उभं राहून ऐकलाय ते कळलं पाहिजे. तेवढं कळलं तर शब्द जुना असला तरी चालेल.

वहिनी : दोन्ही कसोट्या लावून बघू. शेवटचं पान. नायिका घाटकोपरला लोकलमधून उतरून मेट्रोत चढते आणि तुम्ही लिहिता, 'दार धाडकन बंद झालं.' हे कसं लिहिलंत? वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ला सुरू झाली, तेव्हापासून तुम्ही रोज तिच्यातूनच जाता.

मी : तिच्या मनात ते धाडकन बंद झालं. घर सुटलंय तिचं.

वहिनी : मग मनातलं तसं लिहा. दार धाडकन बंद होतं ते बिजागरीवरचं, कुणीतरी रागाने लोटलेलं. हे दार कुणी लोटत नाही. आधी इशारा देतं, दोन्ही बाजूंनी सावकाश सरकतं, मधे रबराला रबर लागतं. कुणाचा राग नाही, काही नाही, आणि तरी ती आत अडकली. तुमच्या नायिकेचं दुःख त्यात जास्त नाही का?

मी : 'मिटलं' म्हणू? 'अलगद मिटलं'?

वहिनी : अलगद गोड झालं. फुलपाखरू मिटतं अलगद.

मी : बोरिवलीहून २५ डिसेंबर २०१७ला पहिली एसी लोकल चर्चगेटला गेली, तेव्हापासून लोकलचंही तेच झालंय. दारात लटकणाऱ्या माणसाच्या कानात वारा सुसाटायचा, त्याला शब्द होता. बंद डब्यातल्या त्या दबलेल्या आवाजाला माझ्याकडे शब्द नाही. 'घुमघुम' म्हणून बघितलं, 'गुंम्' म्हणून बघितलं. स्टुडिओत तो आवाज माझ्याकडे जपून ठेवलेला आहे, कागदावर उतरत नाही.

वहिनी : मग आज ते वाक्य संपवू नका. गुरुवारी मी तुमच्या स्टुडिओत येतेच आहे. मुलुंडहून घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी. दाराजवळ उभी राहीन आणि प्रत्येक स्टेशनला ऐकत येईन. तुम्ही तुमच्या यंत्रावर घेतलेला तो एसी लोकलचा आवाजही मला ऐकवा. अंकाच्या संपादकांना सांगा की शेवटचं पान आठवडाभराने मिळेल, आणि तोवर त्या दाराचं क्रियापद कोरं ठेवा.